स्टेम सेलपासून बनवलेल्या बीटा पेशी: मुलीची सुई सुटेल का?

प्रश्न, थोडक्यात: आम्ही नागपूरच्या मानेवाड्यात राहतो. मुलगी १३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी टाइप १ डायबेटीस निघाला. दिवसाला चार सुया, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.१. चीनमधल्या एका तरुणीचं इन्सुलिन स्टेम सेलमुळे सुटल्याची बातमी सगळ्या नातेवाइकांनी पाठवली. इथल्या एका स्टेम सेल केंद्राने साडेचार लाखांत तीन डोस सांगितलेत, ‘सहा महिन्यांत इन्सुलिन निम्म्यावर येईल’ म्हणतात. धाकट्या मुलाच्या नाळेचं रक्त आम्ही बँकेत ठेवलंय, तेही वापरता येईल म्हणाले. सासऱ्यांना टाइप २ आहे, त्यांचंही सोबतच करून घ्यावं का?

उत्तर:

ताई, आधी पैशाचं बोलतो. त्या केंद्राला एक रुपया देऊ नका, आणि ॲडव्हान्स दिला असेल तर परत मागा. बातमी खरी आहे. पण बातमीतल्या पेशी वेगळ्या आणि हे लोक मुलीला टोचणार त्या वेगळ्या. दोन्हीकडे पाटीवर ‘स्टेम सेल’ लिहिलेलं असतं, साम्य तेवढंच.

धंतोलीतल्या माझ्या ओपीडीत नागपूरची मुलं येतात, तशी चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाड्याचीही येतात. सोबतची आजी उठता उठता हमखास विचारते, ‘डॉक्टरसाहेब, हिची सुई कधी सुटन जी?’ पूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे ठोस असं काहीच उत्तर नव्हतं. आता आहे, फक्त ते जरा लांबलचक आहे.

स्वादुपिंडात साधारण दहा लाख छोटे पुंजके असतात, त्यांना आयलेट म्हणतात. सगळे मिळून अवयवाच्या वजनाचा एक-दोन टक्के भाग. त्यातल्या बीटा पेशी रक्तातली साखर क्षणाक्षणाला मोजतात आणि लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतात. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशी मारून टाकते. आपण पेनने देतो ते इन्सुलिन उत्तम असतं, पण साखर किती आहे हे त्याला कळत नाही. ते मोजणं आणि हिशेब करणं तुमच्या घरात आता तुम्ही आणि तुमची मुलगी करता. म्हणून इन्सुलिन देत बसण्यापेक्षा पेशीच परत द्याव्यात, हा विचार जुना आहे.

तो ठोसपणे जमला २००० साली, कॅनडातल्या एडमंटनमध्ये. जेम्स शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून आयलेट वेगळे काढले आणि यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडले. सात रुग्ण होते आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पुढची कहाणी कमी सांगितली जाते. एकेका रुग्णाला दोन किंवा जास्त दात्यांचे आयलेट लागत. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा इन्सुलिनशिवाय राहिलेला दहातला एखादाच होता. मात्र बहुतेकांच्या शरीरात थोडंफार स्वतःचं इन्सुलिन अजून तयार होत होतं, आणि साखर एकाएकी कोसळून बेशुद्ध पडण्याचे प्रकार खूपच कमी झाले होते. अमेरिकेत दात्याच्या आयलेटपासून केलेल्या उपचाराला २०२३ मध्ये मान्यताही मिळाली. पण दाते आणणार कुठून? नागपुरात ग्रीन कॉरिडॉर झाला, म्हणजे दात्याचा अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा केला, की दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी येते, कारण ती घटना अजूनही रोजची नाही. अशा दात्यांच्या भरवशावर देशातल्या लाखो टाइप १ रुग्णांचा विचारसुद्धा करता येत नाही.

स्टेम सेलचा, म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशीचा, प्रश्न इथे येतो. मानवी भ्रूणातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवणं १९९८ मध्ये जमलं. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशी उलट्या फिरवून त्यांना भ्रूणपेशींसारखं करून दाखवलं, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर तेच केलं आणि २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं. अशा पेशी कितीही वाढवता येतात. अवघड असतं ते त्यांना बीटा पेशी व्हायला लावणं. गर्भात स्वादुपिंड ज्या पायऱ्यांनी तयार होतं, त्याच पायऱ्या भांड्यात घडवाव्या लागतात. आधी आतड्या-यकृताकडे जाणारा थर, मग स्वादुपिंडाची पूर्वपेशी, मग संप्रेरक बनवणारी पेशी, मग बीटा. प्रत्येक पायरीला वेगळी रसायनं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रमाणात. काही आठवडे हे चालतं आणि मधली एक पायरी चुकली तर भलत्याच पेशी हाती येतात. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने २०१४ मध्ये, साखर वाढली की इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात करून दाखवल्या. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं टाइप १ ची आहेत. त्यांची कंपनी पुढे व्हर्टेक्सने विकत घेतली.

व्हर्टेक्सचं हे औषध, झिमिस्लेसेल, आज या शर्यतीत सगळ्यात पुढे आहे. त्याचे निकाल जून २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पूर्ण डोस एकदाच मिळालेले १२ जण होते, आणि वर्षभरानंतर त्यांतल्या १० जणांना बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. बाराही जणांचं एचबीएवनसी ७ च्या खाली होतं आणि साखर गंभीरपणे कोसळण्याचे प्रकार थांबले होते. उपचारात मोठं ऑपरेशन नाही. पोटाच्या बाजूने बारीक नळी यकृतातून पोर्टल शिरेपर्यंत नेतात आणि पिशवीतलं पेशींचं द्रावण सलाइनसारखं हळूहळू आत सोडतात. आयलेट स्वादुपिंडात नाही, यकृतात जाऊन बसतात. पहिल्या काही तासांत त्यातले बरेच रक्ताच्या संपर्कानेच मरतात, उरलेले रुजतात आणि काही आठवडे-महिन्यांत त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळतात.

इतक्या वर्षांत मी या क्षेत्रात वाचलेल्या निकालांत हे सगळ्यात दमदार आहेत, यात शंका नाही. पण त्याच पेपरमध्ये दोन मृत्यूही नोंदवलेत. एक आधीपासून असलेल्या मेंदूच्या आजारामुळे. दुसरा क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीने झालेल्या मेंदूज्वरामुळे. हा दुसरा मृत्यू नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या मुलीच्या बाबतीतला खरा प्रश्न तिथेच आहे.

बाहेरून दिलेल्या पेशींना शरीरात दोन शत्रू असतात. पेशी परक्याच्या म्हणून शरीर त्यांना नाकारतं, हा एक. आणि ज्या प्रतिकारशक्तीने मुलीच्या मूळ बीटा पेशी मारल्या, ती अजून तशीच जागी आहे, हा दुसरा. म्हणून या सगळ्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि पेशी टिकवायच्या तोपर्यंत घ्यावी लागतात. किडनी बदललेल्या माणसाला टॅक्रोलिमस वगैरे देतात, त्याच जातीची. टॅक्रोलिमस किडनीवर ताण देतं, रक्तदाब वाढवतं, आणि गंमत म्हणजे बीटा पेशींनाही ते फारसं मानवत नाही. या वर्गातल्या मायकोफेनोलेटसारख्या औषधाने गर्भात व्यंग होऊ शकतं, आणि तुमची मुलगी पुढे मोठी होणार आहे. विदर्भात क्षयरोग घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने या शहरात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यातले बरेच रुग्ण डायबेटीसचेच होते. अशा ठिकाणी तेरा वर्षांच्या मुलीची प्रतिकारशक्ती जन्मभर दाबून ठेवायची, ती कशासाठी? चार सुयांसाठी?

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बियाणं आता उत्तम निघालंय, रानडुकरांचा बंदोबस्त अजून झालेला नाही.

म्हणूनच झिमिस्लेसेलच्या ट्रायलमध्ये प्रौढच घेतले होते, आणि त्यांतही साखर कोसळलेली ज्यांना कळतच नाही, जे वारंवार बेशुद्ध पडत होते, असेच. ज्याला झोपेत साखर ४० ला गेलेली कळत नाही आणि घरच्यांना रात्रभर जागं राहावं लागतं, त्याच्यासाठी औषधांचा धोका पत्करणं शहाणपणाचं ठरू शकतं. दुसऱ्या कारणाने आधीच किडनी किंवा यकृत बदललेलं असेल, त्याचंही तसंच. औषधं तो घेतोच आहे. बाकीच्यांसाठी आज माझं उत्तर ‘थांबा’ असंच आहे.

आता चीनची बातमी. तिआनजिनमधल्या २५ वर्षांच्या त्या तरुणीच्या स्वतःच्या चरबीतल्या पेशी घेतल्या होत्या. पेकिंग विद्यापीठाच्या देंग होंगकुई यांच्या गटाने रसायनांनी त्या उलट्या फिरवून मूळ पेशी केल्या, त्यांच्यापासून आयलेट बनवले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली टोचले. ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं आणि वर्षभर बंदच राहिलं. २०२४ मध्ये हे छापून आलं. पेशी तिच्याच, म्हणजे परकेपणाचा शत्रू गेला. मग दुसरा? तो गेला की नाही हे या एका रुग्णावरून सांगताच येत नाही, कारण तिचं यकृत आधीच बदललेलं होतं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला सुरूच होती. तुमच्याकडे आलेल्या फॉरवर्डमध्ये ही ओळ नसणार. माझ्याकडे आलेल्या एकाही फॉरवर्डमध्ये नव्हती.

रानडुकरांच्या, म्हणजे या प्रतिकारशक्तीच्या, बंदोबस्ताचे प्रयत्न दोन बाजूंनी चालू आहेत. एक म्हणजे पेशी जाळीच्या पाकिटात घालून ठेवायच्या, म्हणजे साखर-इन्सुलिन आत-बाहेर होईल पण मारेकरी पेशी आत शिरणार नाहीत. कागदावर सुंदर कल्पना. प्रत्यक्षात पाकिटाभोवती जाड तंतुमय थर साचतो आणि आतल्या पेशी गुदमरतात. व्हर्टेक्सने स्वतःचा असा प्रयोग २०२५ मध्ये गुंडाळला, कारण इन्सुलिन पुरेसं बनत नव्हतं. दुसरी बाजू मला जास्त आशादायक वाटते. पेशींच्या जनुकांत बदल करून प्रतिकारशक्तीपासून त्यांना लपवायचं. स्वीडनमधल्या उप्सालात एका माणसाच्या हाताच्या कोपराखालच्या स्नायूत असे बदललेले आयलेट टोचले. ते दात्याचे होते, स्टेम सेलचे नव्हते. त्याला प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही, आणि १२ आठवड्यांनी त्या पेशी जिवंत होत्या, इन्सुलिन बनवत होत्या. त्याच इंजेक्शनमधल्या ज्या पेशींत बदल नीट झाला नव्हता त्या मात्र शरीराने मारल्या. डोस मुद्दाम छोटा होता, म्हणून त्याचं इन्सुलिन सुटलं नाही. एकच रुग्ण आहे, पण प्रश्न नेमका विचारला गेला आणि उत्तर मिळालं. हीच युक्ती स्टेम सेलच्या आयलेटवर चालली आणि अशा लपवलेल्या पेशींतून गाठी होत नाहीत हे काही वर्षं पाहून पक्कं झालं, तर तुमच्या मुलीसारख्यांचा नंबर लागेल. तारीख मी देणार नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा.

मग इथलं केंद्र काय टोचणार? बहुतेक ठिकाणी कंबरेच्या हाडातली मज्जा किंवा पोटाची चरबी काढतात, अर्ध्या दिवसात त्यातून पेशी वेगळ्या करतात आणि सलाइनमधून परत देतात. काही ठिकाणी नाळेच्या पेशी बाहेरून मागवतात. या मेसेनकायमल पेशी, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी बनवणाऱ्या मूळ पेशी. शिरेतून दिल्या की त्यातल्या बहुतेक फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. त्यांच्या बीटा पेशी होत नाहीत. वर सांगितलेल्या काही आठवड्यांच्या पायऱ्यांपैकी एकही पायरी इथे झालेली नसते.

मग त्यांच्या व्हिडिओतल्या मुलांचं इन्सुलिन कमी कसं होतं? याचं उत्तर प्रत्येक टाइप १ च्या पालकाला माहीत असायला हवं. निदान झाल्यावर इन्सुलिन सुरू केलं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो, त्या थोड्या सावरतात आणि डोस आपोआप घटतो. कधी अगदी दोन-चार युनिटवर येतो. याला आम्ही हनिमून म्हणतो. काही महिने चालतो, क्वचित वर्षभर किंवा जास्त. नवीन निदान झालेल्या मुलाला या काळात काहीही द्या, कारल्याचा रस द्या, अंगारा द्या, नाहीतर साडेचार लाखांचं सलाइन द्या, डोस कमीच होणार आणि श्रेय त्या वस्तूला मिळणार. तुमच्या मुलीला दोन वर्षं झाली, म्हणजे तिला हा दिलासाही बहुधा मिळणार नाही.

खोटं पकडायची एक साधी तपासणी आहे, सी-पेप्टाइड. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा एका मोठ्या रेणूचे तुकडे होतात. त्यातून इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचाही एक रेणू रक्तात येतो. पेनमधल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणजे जेवणानंतर रक्तात ते दिसलं तर ते स्वतःच्याच पेशींचं. वर सांगितलेल्या खऱ्या प्रयोगांत ही एक महत्त्वाची कसोटी होती. केंद्राला विचारा: तुमच्या रुग्णांचं उपचारापूर्वीचं आणि वर्षभरानंतरचं सी-पेप्टाइड दाखवा. मग उत्तराची वाट बघा.

कायद्याचंही थोडं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि तत्सम ठराविक आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा दुसरा कुठलाही उपयोग प्रस्थापित उपचार नाही. तो फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतो. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो, एथिक्स कमिटीची मान्यता असते, आणि त्या पेशींसाठी रुग्णाला बिल लावत नाहीत. ‘ट्रायल आहे, पण साडेचार लाख भरा’ हे वाक्य ऐकलं की उठून या.

नाळेचं रक्त: ते ठेवलंय तर राहू द्या, पण डायबेटीससाठी त्याचा उपयोग नाही. त्यात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. मुलांना स्वतःचंच नाळेचं रक्त देऊन पाहण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला आहे, बीटा पेशी वाचल्या नाहीत. पुढच्या वर्षीचं नूतनीकरण करायचं की नाही ते हे धरून ठरवा.

सासरे: नाही. टाइप २ मध्ये मुख्य भांडण वेगळं आहे. इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने बीटा पेशी थकतात. शांघायमध्ये टाइप २ च्या ५९ वर्षांच्या एका रुग्णाला स्वतःच्या पेशींपासून बनवलेले आयलेट देऊन इन्सुलिन सुटलं हे खरं, पण त्याचीही किडनी आधी बदललेली होती आणि औषधं सुरू होती. तुमच्या सासऱ्यांच्या हातात आज वजन, चालणं, रक्तदाब आणि नवी औषधं आहेत. त्यांची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा वर्षभरात झाला नसेल तर तो खर्च आधी करा.

मुलीच्या ८.१ कडे येऊ. ते काही भयंकर नाही, पण खाली आणता येईल, आणि नव्या पेशी येतील त्या दिवशी तिची किडनी आणि डोळे शाबूत असायला हवेत. आधी तिच्या पोटावर आणि मांडीवर तुमची बोटं सपाट ठेवून फिरवा. सुई टोचायच्या जागी रबरासारखी मऊ गाठ लागते का? मुलं दुखत नाही म्हणून त्याच गाठीत टोचत राहतात, आणि तिथून इन्सुलिन कधी झिरपतं कधी नाही. गाठीची जागा सोडली की साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून डोस डॉक्टरांना विचारून कमी करूनच जागा बदला. दुसरं म्हणजे पेन कुठे असतो ते बघा. मे महिन्यात पारा ४५ वर असताना स्कूटीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेलं इन्सुलिन वाया गेलं असं समजा. शाळेत फ्रिज नसेल तर ओल्या वाळूतला छोटा माठ चालतो, आमची कितीतरी मुलं तसंच ठेवतात. सुरू केलेला पेन चार आठवड्यांनी टाकून द्यायचा, उरलं असलं तरी.

आणि एक, खास आपल्या भागासाठी. मुलीची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीएवनसी खोटं कमी दिसतं. नुसतं वाहक असलं तरी काही मशीनवर आकडा चुकतो. पूर्व विदर्भात हे विसरून चालत नाही. तसं निघालं तर ग्लुकोमीटर किंवा अंगावर लावून साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरवरच भरवसा ठेवायचा. तसंही साडेचार लाखांत सेन्सर काही वर्षं सहज लागतील, आणि रात्री साखर उतरली की तुमच्या फोनवर अलार्म वाजेल.

धाकट्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सख्ख्या भावंडांना टाइप १ चा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रक्तातल्या अँटिबॉडीजच्या तपासणीत तो वर्षं आधी कळू शकतो, आणि आठ वर्षांवरच्या मुलांत आजार सरासरी दोनेक वर्षं लांबवणारं टेप्लिझुमॅब अमेरिकेत २०२२ पासून मंजूर आहे. घाई नाही. पुढच्या वेळी मुलीला घेऊन याल तेव्हा त्यालाही सोबत आणा, उपाशीपोटी आणायची गरज नाही.